थेंब थांबेपर्यंत

सकाळी सात वाजता आप्पांनी बादलीत मोजपट्टी बुडवली, वर काढली, कपाळावर ढकललेला चष्मा खाली ओढला आणि पट्टी पुन्हा बुडवली. चार लिटर. काल संध्याकाळी ही बादली कोरडी होती. म्हणजे तळाशी चमचाभर ओल, इतकी कोरडी. त्यानंतर तिच्यात अर्धा लिटर पाणी कुणी ओतलं हे आप्पांना पक्कं माहीत होतं, कारण ते त्यांनीच ओतलं होतं. उरलेले साडेतीन लिटर कुठून आले हे मात्र त्यांना कळेना, आणि कुणाला विचारायचीही सोय नव्हती. चोरानं तक्रार करायची तरी कुठल्या चौकीवर?

आता एवढ्या सज्जन माणसावर बादलीत पाणी ओतायची वेळ का आली, ते सांगायला हवं. आप्पांनी चाळीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. शहराच्या नळाला येणारं पाणी आधी त्यांच्या काचेच्या नळीत यायचं. उभ्या नोकरीत त्यांनी एक आकडा कधी खोटा लिहिला नाही, आणि हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे राहायला गेले. सातव्या मजल्यावरचं घर. मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडत ते रात्री आठला परत येत. मधले बारा तास आप्पा होते आणि पाणी गाळायचं यंत्र होतं. त्या यंत्राचा वेग त्यांनी महिनाभर मोजला. मग त्यातही राम उरला नाही, तेव्हा ते लेकीकडे आठ दिवसांसाठी म्हणून आले.

लेकीचं घर म्हणजे चौदा गायींचा गोठा आणि त्याला चिकटून चार खोल्या. घरात लेक, जावई आणि जावयाची आई, म्हणजे आप्पांच्या विहीणबाई. तिघंही पहाटेपासून कामाला जुंपलेली. त्यांच्यात आप्पा पाहुणे म्हणून खुर्चीवर बसले. रिकामा माणूस आणि हातात मोजपट्टी, दुसरं काय होणार? चार दिवसांत त्यांनी दूध काढायच्या यंत्राचे ठोके मोजून जावयाला सांगितलं की मिनिटाला तीन कमी पडतात. चहा गाळल्यावर गाळणीत किती चहा अडकून राहतो ते काढून विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी गाळणी धुतली आणि आप्पांचा हात पोचणार नाही अशा खिळ्याला टांगली.

पाचव्या दिवशी आप्पांना ओहोळ दिसला. जावयानं आभाळ भरून आलं म्हणून घाईघाईनं ओलं गवत कापून मुरघासाच्या, म्हणजे चारा हवाबंद करून मुरवायच्या खड्ड्यात दाबलं होतं. वर ताडपत्री, ताडपत्रीवर जुने टायर, सगळं बयाजवार. पण ओल्या गवताला आपलाच भार सोसेना. खड्ड्याच्या तळाच्या नळीतून तपकिरी पाणी धो धो बाहेर पडत होतं, आणि जिथून ते ओघळत होतं तिथलं बांधावरचं गवत कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखं करपलं होतं.

आप्पांनी त्यात आंबटपणा तपासायची कागदी पट्टी बुडवली. पाणी आंबट निघालं. मग विहीणबाईंच्या कढईत डावभर पाणी आटवून बघितलं. घरभर असा दर्प सुटला की मांजर दोन दिवस उंबरा चढलं नाही. कढईच्या बुडाशी काळा चिकट थर राहिला.

"जावईबापू," आप्पा कढई पुढं धरून म्हणाले, "हे पाणी नाही. तुमच्या गायींचा घास आहे हा. साखर आहे, प्रथिनं आहेत, पोटॅश आहे. खड्ड्यात राहायचं ते सगळं ओहोळात चाललंय."

"अहो आप्पा, मुरघासाला पाणी सुटतंच," जावई म्हणाला.

"किती सुटतं?"

"ते कोण मोजतंय?"

हे वाक्य आप्पांसमोर बोलायचं नव्हतं. त्याच दिवशी जावयानं दूधसंघाच्या चारा-तज्ज्ञ मॅडमना फोन लावला, आणि त्या म्हणाल्या की रोज निचरा मोजणारं कुणी असेल तर सोन्याहून पिवळं. पुढच्या खेपेला गवत किती सुकवून भरायचं ते आकड्यांवरून ठरवता येईल. आठवड्याला एक बाटली टँकरवाल्याबरोबर पाठवा, आमच्या प्रयोगशाळेत तपासू.

आप्पांना काम मिळालं. नळीखाली पिंप आलं. पिंप भरलं की मोजायचं, दहापट पाणी घालून कुरणावर फिरवायचं, आकडा वहीत लिहायचा. जेवायला बसताना आप्पा आता हात कोपरापर्यंत धुऊन येऊ लागले आणि "आज उशीर झाला हो," असं म्हणू लागले. काम असलेल्या माणसाला कुणी पाहुणा म्हणत नाही. आठाचे पंधरा दिवस झाले. मुलाचा फोन आला, "आप्पा, कधी येताय?" तेव्हा आप्पांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "निचरा थांबला की येतो. काम अर्धं टाकून कसा येऊ?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण मुरघासाचा निचरा थांबतो. पहिले आठ-दहा दिवस जोर, मग ओसरतो, आणि तीन-चार आठवड्यांत नळी कोरडी पडते. हे आप्पांइतकं त्या घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. पिंपाच्या जागी बादली आली. बादलीच्या तळाशी मावेल एवढंच पाणी येऊ लागलं. विहीणबाई रोज सकाळी चहा पुढ्यात ठेवताना विचारू लागल्या, "थांबलं का हो पाणी?" आणि आप्पांच्या घशाखाली चहा उतरेनासा झाला. बाई दिवस मोजतायत, आपल्या जाण्याचे.

मोजणीच्या बाविसाव्या दिवशी दुपारच्या जेवणात आप्पांनी मन घट्ट करून जाहीर केलं, "आज पाव लिटरच आलं. उद्या थांबणार. मग मी निघायच्या तयारीला लागतो."

त्यांना वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, राहा हो अजून. जावई ताटातलं निवडत राहिला. लेक "हं" म्हणाली आणि पाणी आणायला उठली. विहीणबाईंनी तेवढं विचारलं, "उद्या म्हणजे नक्की उद्याच?"

"नक्की," आप्पा म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी सगळे धारा काढण्यात गुंतलेले असताना आप्पांनी आपला पाणी प्यायचा तांब्या उचलला आणि अर्धा लिटर पाणी बादलीत ओतलं. चाळीस वर्षांत पहिला खोटा आकडा. एकच दिवस, त्यांनी स्वतःला बजावलं. आणि सकाळी बादलीत चार लिटर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम काहीच ओतलं नाही. बादलीत साडेतीन लिटर आले. कालच्यापेक्षा नेमके अर्धा लिटर कमी, म्हणजे नेमकं त्यांचंच पाप वजा झालेलं. म्हणजे साडेतीन लिटर खरे? आप्पा उलट्या घमेल्यावर बसून विचार करू लागले. हापशाला आधी वरून तांब्याभर पाणी घालावं लागतं, मग तो पाणी ओढतो. तसं काही झालं असेल का? पण त्यांनी पाणी ओतलं होतं बादलीत, खड्ड्यात नव्हे. बादलीत ओतलेल्या पाण्यानं खड्डा कसा काय ओढ घेईल? शास्त्र एकीकडे आणि बादली दुसरीकडे, अशी त्यांची ओढाताण झाली.

जेवताना ते म्हणाले, "साडेतीनवर उतरलंय. आठवडाभरात आटोपेल."

दुसऱ्या दिवशी सात लिटर.

"वाढलं," आप्पा जेवताना म्हणाले. आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात भुंगा शिरला होता. "पण रंग अगदी फिका आहे. नुसतं पाणीच वाटतं. असला पातळ निचरा काही खरा नाही."

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी कडक चहासारखं काळपट.

"रंग आला," आप्पा म्हणाले. "वास मात्र नाही. आंबूस वास हवा."

दुसऱ्या दिवशी बादलीवर वाकल्याबरोबर नाकात झिणझिण्या आल्या. सिरक्याची बरणी फुटावी तसा वास. वर पांढरा फेसही जमला होता. आप्पांनी कागदी पट्टी बुडवली. पट्टी आजवर कधीही न घेतलेल्या रंगाची झाली, आणि डब्यावरच्या रंगांच्या तक्त्यात तो रंगच नव्हता. आप्पांनी वहीत लिहिलं: "आंबटपणा: आहे. किती ते कळत नाही." असं वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच लिहिलं.

असं नऊ दिवस चाललं. आप्पांची झोप उडाली, जेवण कमी झालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. निचरा चालू होता म्हणून मुक्काम चालू होता, याचं सुख होतं. पण तो का चालू होता हे सांगता येत नव्हतं, आणि तपासायला जावं तर स्वतःचा अर्धा लिटर आधी कबूल करायला हवा. एकदा त्यांनी लेकीला आडून विचारलं, "बादलीकडे कुणी फिरकत नाही ना गं?"

"छे हो, कोण फिरकणार?" लेक म्हणाली आणि कोरडा ओटा पुन्हा पुसू लागली.

जावयाला विचारलं, तर तो गायीच्या पाठीआड गेला. विहीणबाईंना विचारायची हिंमतच नव्हती. त्या आजकाल सकाळी विचारतही नव्हत्या पाणी थांबलं का म्हणून. आप्पांना वाटलं, बाई आता कंटाळल्या, आशाच सोडली त्यांनी.

बत्तिसाव्या दिवशी दूधसंघाची गाडी दारात उभी राहिली. चारा-तज्ज्ञ मॅडम गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून उतरल्या. हातात आप्पांनी पाठवलेल्या शेवटच्या दोन बाटल्यांचे अहवाल होते. त्या आधी खड्ड्याभोवती दोन फेऱ्या मारून आल्या, बादलीचा वास घेतला, शिंकल्या आणि मग सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवून म्हणाल्या,

"आप्पा, वीस वर्षं मी मुरघास बघतेय. निचरा थांबायचा तेव्हा तुमचा वाढलाय. पातळ व्हायचा तेव्हा दाट झालाय. नत्र तर इतकं आहे की मी यंत्र बिघडलं म्हणून ते दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. शिवाय दुधातली साखर सापडली. गवतात दुधातली साखर नसते हो."

"नसते," आप्पा क्षीण आवाजात म्हणाले.

"गायच देते ती," मॅडम म्हणाल्या. "म्हणून माझं असं म्हणणं आहे की खड्ड्याची भिंत तडकली आहे. गोठ्याकडचं सांडपाणी जमिनीतून आत शिरतंय, गवत धुऊन बाहेर येतंय. आतलं सगळं कुजत असणार. उद्या सकाळी खड्डा उघडा. सगळा मुरघास बाहेर काढा, भिंत बघू."

जावयाचा चेहरा पांढरा पडला. बंद खड्डा उघडून सगळं गवत वाऱ्यावर टाकायचं म्हणजे काय, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. एकदा हवा लागली की ते दोन दिवसांत गरम होतं, बुरशी धरतं, मग गाय त्याला तोंड लावत नाही.

"पाच महिन्यांचा चारा आहे तो, मॅडम," जावई म्हणाला.

"कुजलेला असेल तर पाच दिवसांचाही नाही."

जावई बोटं मोडू लागला. लेक ओठ चावू लागली. विहीणबाई भिंतीकडे बघत बसल्या. प्रत्येकजण मनात काहीतरी वजा करत होता आणि उरलेली बाकी बघून हबकत होता, पण हे आप्पांना त्या वेळी कुठून कळणार? त्यांना दिसत होती फक्त चौदा गायींची रिकामी गव्हाण, आणि त्याचं कारण आपला तांब्या. त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि ते उभे राहिले. कान लाल झाले होते.

"मॅडम, खड्डा उघडू नका. तेविसाव्या दिवसाचा आकडा खोटा आहे. बादलीत मी पाणी ओतलं."

सगळ्यांनी माना वर केल्या.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"अर्धा लिटर."

"आणि नंतर?"

"नंतर नाही. एकदाच. पाणी थांबलं असतं तर मला जावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं." बाविसाव्या दिवशी एवढंच बोलले असते तर पुढचं रामायण टळलं असतं.

मॅडमनी वही पुढं ओढली. "आप्पा, अर्ध्या लिटरनं काय होतंय? इथे त्या दिवशी चार लिटर आहेत. साडेतीन उरतातच. भिंत तडकलीच आहे."

मग जावयानं खाकरून घसा साफ केला.

"त्यातले दीड माझे."

"तुमचे?"

"गोठा धुतलेलं पाणी. बादलीत साधं पाणी घातलं तर आप्पांना कळलं असतं. म्हटलं त्यात सत्त्व हवं."

"तरीच नत्र," मॅडम पुटपुटल्या आणि त्यांनी वहीत लिहिलं. "दोन उरले."

"एक माझा," लेक अगदी बारीक आवाजात म्हणाली. "आधी नुसतं पाणीच होतं. मग आप्पा म्हणाले रंग नाही, तेव्हा चहाचा चोथा उकळून घातला. मग म्हणाले वास नाही."

"सिरका," आप्पा म्हणाले.

"अख्खी बाटली संपली, आप्पा."

"आणि तुम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं नाहीत?" मॅडमनी नवराबायकोकडे आळीपाळीनं बघितलं.

"मला वाटलं, मी घातलेला एक सोडला तर बाकीचं खरंच येतंय," लेक म्हणाली. जावईही तेच म्हणाला. मॅडमनी पेन टेकवून बेरीज केली.

"अर्धा, दीड, एक. तीन झाले. एक लिटर अजून उरतो. दुधातली साखरही उरते. म्हणजे गळती आहेच."

आता खोलीत एकच माणूस बोलायचं राहिलं होतं. पण तिकडे बघायचं धाडस कुणाला होईना. विहीणबाईंनी पदर सारखा केला.

"दुधाच्या कॅन विसळलेलं पाणी," त्या म्हणाल्या. "त्यात एवढं काय बघताय? तसंही मी ते मोरीतच ओतते."

आप्पा खाली बसले. त्यांना काही समजेना. ज्या बाई आपण जाण्याची वाट बघतायत असं ते धरून चालले होते, त्यांनीही? त्यांचे डोळे भरून आले. लेक मायेनं करणार, जावईही तिच्या शब्दाखातर करेल, पण विहीणबाई! त्यांनी सद्गदित होऊन म्हटलं, "विहीणबाई, मी राहावं म्हणून तुम्ही?"

"राहावं म्हणून कसलं?" विहीणबाई म्हणाल्या. "बादली आटली असती तर तुम्ही परत माझ्या स्वयंपाकघरात मोजत बसला असता."

जावई एकदम खाली बघू लागला. आप्पांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "जावईबापू, तुम्ही?"

"तसं नाही, आप्पा," जावई म्हणाला. "पण यंत्राच्या ठोक्यांचं तुम्ही फार मनावर घेतलं होतं."

मॅडमनी अहवाल घडी करून पिशवीत टाकले. खड्डा उघडू नका, पुढच्या वेळी गवत एक दिवस सुकवून भरा, तेविसाव्या दिवसापासूनची पानं फाडा, बाकीच्या बावीस दिवसांची वही मात्र सोन्यासारखी आहे, असं सांगून त्या निघून गेल्या. जाताना फाटकापाशी त्या बराच वेळ एकट्याच हसत होत्या.

आप्पा आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी बॅग काढली. दोन सदरे घडी करून ठेवले, तिसऱ्याची घडी जमेना. काम संपलं होतं, आणि काम नसताना माणूस या घरात नको असतो हे तोंडावर सांगून झालं होतं. तेवढ्यात विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"निघतो उद्या. निचरा थांबला."

"तो दहा दिवसांपूर्वीच थांबलाय. कुणी तुम्हाला जा म्हटलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, मोजत बसाल म्हणून."

"मोजू नका म्हटलं मी. राहू नका कुठे म्हटलं?" विहीणबाई वैतागल्या. "अहो, तुमच्या त्या बादलीपायी पंधरा दिवस या घरात जेवताना माणसं बोलतायत तरी. एरवी हा आणि ती, दोघंही ताटात डोकं घालून जेवतात आणि उठतात. मी कुणाशी बोलू? गायींशी? माणसाला राहायला काय कारण लागतं का? चला, ताटं वाढलीयत."

आप्पा गोंधळून त्यांच्या मागोमाग गेले. चाळीस वर्षांत त्यांनी कारणाशिवाय काही केलं नव्हतं. पानावर बसतात तोच मुलाचा फोन आला. चिरंजिवांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"आप्पा, थांबलं का पाणी?"

"थांबलं. बाविसाव्या दिवशीच थांबलं."

"मग निघताय ना?"

लेकीनं घास हातातच धरला. जावयानंही.

"नाही," आप्पा म्हणाले.

"का? आता काय काम आहे तिथे?"

आप्पांनी कारण शोधलं. गोठा आठवला, खड्डा आठवला, काहीच मोजण्यासारखं नव्हतं.

"काम काही नाही," ते म्हणाले. "राहतोय."

मग मुलाचा आवाज एकदम लहानपणासारखा आला. "आप्पा, मग मी पण येऊ का चार दिवस? माझंही तिथे काही काम नाही."

आप्पांनी फोनवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघितलं. जावयानं डोळे मिटले. विहीणबाईंनी शांतपणे एक ताट जास्तीचं काढून पुसून ठेवलं.

"येऊ द्या की," त्या म्हणाल्या. "पण आधी विचारा, तो काही मोजतो का?"